जनाबाई : नाव, दासीपण आणि मान

मराठी संतकवितेत जनाबाईचे स्थान निर्विवाद मानले जाते. तिच्या चरित्राविषयी मात्र आपण बहुधा दोन-चार चमत्कारांच्या पलीकडे जात नाही. विठ्ठलाने तिला दळू लागणे, तिच्या मागे गोवऱ्या वेचणे, तिची वेणी घालणे या कथा लहानपणापासून इतक्या परिचयाच्या झालेल्या असतात की त्यांच्यामागे दिवसभर राबणारी एक स्त्री होती आणि तिने आयुष्यात एक निश्चित निवड केली होती, ही गोष्ट पदव्युत्तर वर्गातही क्वचितच चर्चेला येते. मान कोठे शोधावा आणि ज्ञान कोणाकडून घ्यावे, या दोन प्रश्नांना जनाबाईने दिलेले उत्तर तिच्या काळातील रूढ उत्तराहून वेगळे होते. त्या उत्तराच्या अनुरोधाने तिचे चरित्र पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

चरित्राची साधने तीन प्रकारची आहेत. तिच्या नावावर असलेले सुमारे ३५० अभंग हे पहिले साधन. नामदेव आणि त्यांच्या परिवाराच्या अभंगांतून येणारे उल्लेख हे दुसरे. तिसरे म्हणजे संतचरित्रकारांच्या रचना. त्यांत महिपतींचा ‘भक्तविजय’ हा ग्रंथ सर्वांत प्रभावी ठरला. तो १७६२ मध्ये, म्हणजे जनाबाईनंतर चार शतकांहून अधिक काळाने, सिद्ध झाला. आज कीर्तनांतून, चित्रपटांतून आणि पाठ्यपुस्तकांतून जी जनाबाई भेटते ती बव्हंशी महिपतींची जनाबाई आहे. महिपतींची श्रद्धा निर्मळ होती आणि कथनशैली विलक्षण रसाळ. परंतु अभंगांतील जनाबाई त्यांच्या जनाबाईपेक्षा अधिक रोखठोक, प्रसंगी अधिक रागीट आणि कितीतरी अधिक विचारी आहे. म्हणून येथे अभंगांना पहिला मान दिला आहे. कथांचा आधार घेतला आहे तो त्यांतून समाजाचे दर्शन घडते म्हणून.

जनाबाईचा जन्म गोदावरीच्या काठी, आजच्या परभणी जिल्ह्यातील गंगाखेड येथे झाला. पित्याचे नाव दमा व मातेचे करुंड असे परंपरा सांगते. घराणे शूद्र मानल्या गेलेल्या जातीतील आणि विठ्ठलभक्त होते. हा सारा परिसरच त्या काळी धर्मविचाराने गजबजलेला होता. नामदेवांच्या घराण्याशी जोडलेले नरसी बामणी आणि त्यांचे गुरू विसोबा खेचर यांच्या कथेतील औंढा नागनाथ ही दोन्ही स्थळे १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होती. गोदावरीच्याच वरच्या अंगाला पैठण. तेथे धर्मशास्त्राचे निर्णय होत आणि तेथेच चक्रधरांच्या भोवती महानुभावांचा मेळा जमला. मात्र नदीकाठचे हे ज्ञान दमाच्या मुलीला सहजासहजी मिळणारे नव्हते. शास्त्राचे दार तिला जातीने बंद होते आणि स्त्री म्हणूनही बंद होते.

ती पंढरपुरास कशी आली याविषयी परंपरेत एकवाक्यता नाही. एका परंपरेप्रमाणे आईच्या मृत्यूनंतर पित्याने तिला पंढरपुरी नेऊन दामाशेटींच्या घरी ठेवले. दुसरीप्रमाणे आईबापांबरोबर यात्रेला आलेली ही मुलगी परत जाण्यास तयारच होईना. पहिल्या कथेत दारिद्र्य बोलते, दुसरीत भक्ती. संप्रदायाला दुसरी अधिक प्रिय असावी हे स्वाभाविक आहे. तथापि पोटापाण्यासाठी लहान मुलीला परक्या घरी कामाला ठेवणे ही गोष्ट तेराव्या शतकात जितकी सामान्य होती तितकीच ती पुढेही राहिली, हे विसरून चालणार नाही. जनाबाईच्या अभंगांत आई-बाप गेल्याचे, आपले असे कोणी उरले नसल्याचे दुःख वारंवार येते. पोरकेपणाचा तो सूर केवळ भक्तिपरंपरेचा संकेत वाटत नाही. दासी होणे ही तिची निवड नव्हती. ते तिच्या वाट्याला आले. तिची निवड पुढची आहे.

दामाशेटींचे घर शिंप्याचे, व्यापार करणारे आणि माणसांनी भरलेले होते. दामाशेटी व गोणाई, नामदेव व राजाई, नारा, विठा, गोंदा व महादा हे चार मुलगे, लाडाई, गोडाई, येसाई व साखराई या सुना, बहीण आऊबाई आणि मुलगी लिंबाई अशी चौदा माणसे परंपरा मोजते आणि पंधरावी म्हणून जनी सांगते. ही गणना विचार करण्यासारखी आहे. घरातील माणसे मोजताना दासीला मोजले जाणे हा एक प्रकारचा मान आहे. ती शेवटी मोजली जाणे हेही तितकेच खरे आहे. नामदेवांचा जन्म १२७० चा. परंपरेप्रमाणे जनाबाईने त्यांना अंगाखांद्यावर खेळवले, म्हणजे ती त्यांच्याहून वयाने मोठी होती. जिच्या कडेवर नामदेव वाढले, तिनेच पुढे त्यांना गुरू मानले.

या घरातील तिचा दिनक्रम तिच्याच अभंगांतून जुळवता येतो. पहाटे दळण, मग सडासारवण, झाडलोट, केर उचलून उकिरड्यावर टाकणे, पाणी भरणे, साळी कांडणे, धुणे धुणे, रानात जाऊन गोवऱ्या वेचणे. मराठी कवितेत घरकामाची इतकी तपशीलवार नोंद याआधी झालेली नव्हती. तेराव्या शतकातील घराची अर्थव्यवस्था अभ्यासू पाहणाऱ्याने यादवकालीन ताम्रपटांबरोबर हे अभंगही वाचावेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण ताम्रपटांत जमिनीची मोजणी सापडते. त्या जमिनीत पिकलेले धान्य कोणी दळले हे तेथे लिहिलेले नसते.

जनाबाई पंढरपुरात राबत असतानाच, शके ११९५ ते ११९९, म्हणजे १२७३ ते १२७७ या काळात विठ्ठलमंदिराच्या जीर्णोद्धारासाठी वर्गणी गोळा होत होती, आणि दात्यांची नावे व त्यांनी दिलेले द्रव्य यांची नोंद शिळेवर कोरली जात होती. हाच तो ‘चौऱ्यांशीचा लेख’. मराठी भाषेच्या इतिहासात त्याचे महत्त्व मोठे आहे. देवगिरीचा राजा रामचंद्रदेव यादव आणि त्याचा करणाधिप हेमाद्री यांची नावे त्यात आहेत; त्यांच्याबरोबर इतर अनेक भक्तजनांचीही आहेत. देवाच्या दारी आपले नाव दगडात राहावे ही इच्छा तेव्हाही होती, आणि तीत निंद्य असे काही नाही. त्या दानांमुळेच मंदिर उभे राहिले. पुढे या शिळेला पाठ घासली असता चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो अशी समजूत रूढ झाली. लेखाला नावही त्यावरूनच पडले, आणि असंख्य यात्रेकरूंच्या पाठींनी त्यावरील अक्षरे झिजत गेली.

या शिळेशेजारी जनाबाईची नाममुद्रा ठेवून पाहावी. दात्याने आपले नाव देवाच्या घरात कोरून घेतले. जनाबाईला स्वतःचे म्हणून जे एकमेव ठिकाण उपलब्ध होते, ते म्हणजे अभंगाचा शेवटचा चरण. तेथेही तिने स्वतःचे नाव एकटे ठेवले नाही. आधी नामदेवाचे नाव, मग दासीपण, आणि क्वचित त्यानंतर आपले नाव. संतकवितेत नाममुद्रा ही कवीची सही असते. ज्ञानदेवांनी पित्याचे व गुरूचे नाव आपल्या मुद्रेत गुंफले, चोखामेळ्याने जात सांगितली. परंतु ज्या घरात आपण भांडी घासतो त्या घरातील माणसाचे नाव आपल्या सहीत धारण करणे, आणि समाजात ज्या शब्दाने आपला कमीपणा दाखवला जातो तोच शब्द देवापुढे बिरुदाप्रमाणे मिरवणे, ही गोष्ट वेगळी आहे. घरमालकाने दिलेले दासीपण तिने उचलले आणि त्याचा अर्थ बदलून टाकला. मालक विठ्ठल झाला, आणि नामदेव त्या मालकाकडे नेणारा वाटाड्या.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. दासीपणाचा असा गौरव म्हणजे गुलामगिरीला दिलेली संमती नव्हे काय? अलीकडच्या स्त्रीवादी आणि दलित साहित्याच्या अभ्यासाने हा प्रश्न विचारला, आणि तो विचारणे आवश्यकच होते. सेवेचा महिमा सांगून सेवकाला जागच्या जागी ठेवणे, हा उद्योग आपल्या समाजाने शतकानुशतके केला आहे. जनाबाईच्या नावाचाही त्यासाठी उपयोग झालेला आहे. तथापि तिचे अभंग एकत्र वाचले असता संमतीचे चित्र टिकत नाही. देवाने दर्शन दिले नाही की ती त्याला घरच्या माणसासारखी शिव्या घालते, त्याच्या मरणाची भाषा बोलते, त्याच्या पत्नीला विधवा ठरवते. एका प्रसिद्ध अभंगात ती डोईवरचा पदर खांद्यावर टाकून टाळ-वीणा घेत भर बाजारात जाण्याची प्रतिज्ञा करते, आणि अब्रूदार स्त्रिया ज्या शब्दाला घाबरतात तो शब्द स्वतःला लावून घेऊन देवाच्या घरी निघते. लोकांनी द्यायचा मान तिने आधीच परत केला असल्यामुळे लोकांच्या हाती तिला धमकावण्याचे साधन उरत नाही. संमती देणारी स्त्री अशी भाषा वापरत नाही. जो मान देणारे माणूस काढूनही घेऊ शकते तो मानच नव्हे, हा तिचा मुद्दा आहे. आणि ज्या स्त्रीजवळ देवाखेरीज गमावण्यासारखे काही नव्हते तिने तो मांडला, म्हणून त्याला वजन आहे.

मात्र हे सांगताना तिच्या दुःखावर पांघरूण घालणेही योग्य होणार नाही. महिपतींनी सांगितलेल्या एका कथेत नामदेवांच्या घरी विठ्ठल सर्वांसह जेवतो आणि जनी बाहेर आपल्या खोपटात असते. मग देवालाच राहवत नाही आणि तो रात्री तिच्याकडे येतो. कथाकाराला देवाचे प्रेम सांगायचे आहे. परंतु कथा सांगता सांगता त्याने हेही सांगून टाकले की संतांच्या घरीदेखील दासीचे पान पंक्तीत नव्हते.

पदकाची कथा याहून बोलकी आहे. देव रात्री जनीकडे येतो, पहाट झाल्यावर घाईने निघताना आपला शेला विसरतो आणि तिची वाकळ पांघरून जातो. त्याच्या गळ्यातील रत्नजडित पदकही तिच्या घरी राहते. सकाळी पुजाऱ्यांना मूर्तीच्या अंगावर वाकळ दिसते आणि पदक दिसत नाही. चोरीचा आळ कोणावर यावा याविषयी कोणालाही क्षणभर विचार करावा लागत नाही. जनीच्या घरी पदक सापडते आणि तिला चंद्रभागेच्या वाळवंटात सुळावर देण्यासाठी नेतात. तेथे सुळाचे पाणी होते. चमत्कार बाजूला ठेवला तरी कथेचा पूर्वार्ध उरतो, आणि त्याला कोणत्याही पुराव्याची गरज नाही. घरातील वस्तू हरवली की कामवालीकडे पाहणारी नजर आजही तीच आहे. ज्या समाजाने ही कथा रचली आणि शेकडो वर्षे कीर्तनांतून ऐकली, त्याला आपली ही नजर ठाऊक होती आणि तिची लाजही वाटत होती, असे म्हणता येईल. कथेत जनाबाई आपले निरपराधित्व सिद्ध करण्यासाठी माणसांपुढे पदर पसरत नाही. ती विठ्ठलालाच जाब विचारते.

आता ज्ञानाचा प्रश्न. जनाबाई म्हणजे भाबडी भक्ती आणि ज्ञानेश्वर-मुक्ताबाई म्हणजे ज्ञान, अशी एक सोयीस्कर वाटणी आपल्या वाङ्मयेतिहासांतून रूढ झाली आहे. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांतही ती उतरली आहे. ही वाटणी अभंगांच्या कसोटीवर उतरत नाही. जनाबाईच्या नावावर योगानुभवाचे अभंग आहेत. त्यांत त्रिकूट, श्रीहाट, गोल्हाट, भ्रमरगुंफा या नाथपंथी परिभाषेचा नेमका वापर आहे. प्रत्येक स्थानाचा रंग सांगितला आहे, आणि नऊ दारे ओलांडून दहाव्यात गेल्याची साक्ष दिली आहे. हे ज्ञान तिला कोठून मिळाले? पोथीतून मिळण्याची शक्यता नव्हती. विसोबा खेचर नामदेवांचे गुरू. नाथपरंपरेचा प्रवाह त्यांच्याकडून त्या घरात आला. संतमंडळी एकत्र जमत, चर्चा करीत, कीर्तने होत. आणि पाणी आणून देणारी, दिवा लावणारी, उष्टी काढणारी एक स्त्री हे सर्व ऐकत होती. कानांनी झालेले हे शिक्षण होते. काही अभ्यासक हे योगपर अभंग नंतरच्या काळातील मानतात आणि त्यांची शंका भाषिक अंगाने विचारात घ्यावी लागते. परंतु दासीला असे ज्ञान असणारच नाही, या गृहीतकावर ती शंका आधारलेली असेल, तर तिला संशोधन म्हणता येणार नाही.

ज्ञानाकडे पाहण्याची तिची दृष्टी तिच्या एका विलक्षण इच्छेतून उमगते. ज्ञानेश्वरांना ती ज्ञानाचा सागर व आपला सखा म्हणते, आणि पुढच्या जन्मी त्यांनी आपल्या पोटी यावे असे मागते. ज्ञानेश्वरांचा जीवनकाल १२७५ ते १२९६; ‘ज्ञानेश्वरी’ १२९० ची. संस्कृतातील गीतार्थ मराठीत आणणाऱ्या त्या तरुणाला शिष्य होऊन शरण जाण्याऐवजी ही अनाथ, निपुत्रिक दासी त्याची आई होऊ पाहते. ज्ञान म्हणजे आपल्यावर वरून उतरणारा अधिकार, अशी तिची कल्पनाच नाही. पोटात वाढवावे, अंगावर पाजावे असे ते काहीतरी आहे. महानुभाव पंथातील महदाइसा प्रश्न विचारून ज्ञान मिळवते, मुक्ताबाई उपदेश करून ते देते. जनाबाई ते सांभाळू मागते. या तिघींचा एकत्र विचार व्हावयास हवा. एकाच शतकात, एकाच भाषेत, तीन स्त्रियांनी ज्ञानाशी तीन वेगवेगळी नाती जोडली ही घटना लहान नाही.

प्रसिद्धीचा मोह तिला नव्हता एवढे म्हणून भागत नाही, कारण तिला आपल्या रचनेची जाणीव निश्चितपणे होती. एका अभंगात ती संत आणि त्यांचे लेखनिक यांची यादीच देते. ज्ञानेश्वरांचे बोल सच्चिदानंदबाबांनी लिहिले, सावता माळ्याचे काशिबा गुरवाने, चोखामेळ्याचे अनंतभट्टाने. आणि आपले अभंग लिहिणारा पांडुरंग. या अभंगावरूनच देवाला लेखणी घेऊन बसलेला पाहणारी कथा पुढे वाढली असावी. परंतु कथेपेक्षा यादीच अधिक महत्त्वाची आहे. संतांचे शब्द जतन करण्याची एक व्यवस्था त्या काळी होती, तीत कोणाचा कोण लेखनिक हे ठरलेले होते, आणि दासीसाठी कोणी लेखनिक नव्हता, हे वास्तव ती नोंदवते. चोखामेळ्यालाही एक अनंतभट्ट लाभला. जनीला माणूस लाभला नाही. म्हणून ती देवाचे नाव घेते. या ओळींत अभिमान आहे, आणि त्याच्या तळाशी एक बारीक सल आहे. दोन्ही एकाच वेळी असू शकतात.

या स्थितीचा परिणाम तिच्या वाङ्मयावर झाला. तिचे अभंग स्वतंत्र पोथीने टिकले नाहीत. नामदेवांच्या गाथेच्या आश्रयाने ते आपल्यापर्यंत आले. घरात जशी ती पंधरावी, तशी गाथेतही ती परिवारातील एक. त्यामुळे कोणते अभंग तिचे आणि कोणते तिच्या मुद्रेने इतरांनी रचलेले, हे ठरवणे कठीण होऊन बसले आहे. कृष्णजन्म, बालक्रीडा, प्रल्हादचरित्र, थाळीपाक, हरिश्चंद्राख्यान अशा आख्यानवजा रचनाही तिच्या नावावर आहेत. थाळीपाकासारख्या प्रकरणांतून एकनाथांचा नातू मुक्तेश्वर याला स्फूर्ती मिळाली असे मत मांडले गेले आहे. ते ग्राह्य धरले तर पंडिती काव्याच्या एका मोठ्या कवीचे ऋण दळणाऱ्या दासीकडे जाते. नाव मागे ठेवण्याची पर्वा न करणाऱ्याची अशी किंमत वाङ्मयेतिहासाला मोजावी लागते, आणि पाठचिकित्सा करणाऱ्याला कधीकधी तिच्या निरिच्छतेचा रागच येतो.

नामदेवांशी तिचे नाते या संदर्भात पाहिले पाहिजे. नामदेव तीर्थयात्रेला निघाले, उत्तरेत गेले, पंजाबात दीर्घकाळ राहिले. घुमान येथे त्यांचे स्मरण आजही जागते आहे आणि गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. भक्तीच्या इतिहासात इतका दूरवर गेलेला मराठी संत दुसरा नाही. जनाबाईचा प्रवास गोदेच्या काठापासून भीमेच्या काठापर्यंत, आणि तेथून उंबरठ्यापासून रानापर्यंत. परंतु नामदेव गेल्यावर ते घर, ते दळण, ती वाट पाहणारी माणसे कोणी सांभाळली? कीर्तीचा प्रवास ज्यांच्या कष्टांवर चालतो त्यांचे चरित्र वेगळे लिहावे लागते. तिच्या अभंगांत याविषयी तक्रार नाही. उलट ती मागते ते इतकेच, की पुढचा जन्म पक्ष्याचा, डुकराचा, कुत्र्याचा अथवा मांजराचा मिळाला तरी चालेल, पण पंढरी दिसावी आणि नामदेवाच्या घराशी संबंध असावा. मोक्ष मागण्याची रीत असलेल्या परंपरेत ही मागणी अजब आहे. प्रतिष्ठेच्या उतरंडीत सर्वांत खाली मानलेल्या प्राण्यांची नावे ती जाणीवपूर्वक निवडते.

भाषेच्या एका सवयीचा उल्लेख येथे करणे अप्रस्तुत होणार नाही. आपण नामदेवांना अनेकवचनी संबोधतो आणि जनाबाईला एकवचनी. प्रस्तुत लेखातही तसेच झाले आहे. ओव्या गाणाऱ्या बायका तिला जनी म्हणतात ते मैत्रिणीच्या नात्याने. अभ्यासकांच्या एकवचनाला हे नाते नसते. तेथे ती केवळ जुनी सवय असते. विठ्ठलालाही मराठी माणूस एकवचनीच संबोधतो, एवढाच काय तो आधार.

शके १२७२, म्हणजे १३५० च्या आषाढ वद्य त्रयोदशीला नामदेवांनी पंढरपूरच्या महाद्वारात समाधी घेतली आणि त्यांच्याबरोबर परिवारानेही देह ठेवला, असे संप्रदाय मानतो. त्या परिवारात जनाबाईचाही समावेश आहे. लाडाई ही सून तेवढी बाळंतपणासाठी दूर असल्याने मागे राहिली, अशी कथा आहे. नामदेवांची पायरी म्हणून ओळखली जाणारी ती जागा देवळात शिरणाऱ्या प्रत्येकाच्या पायाखाली येते. संतांचे पाय आपल्या माथ्याला लागावेत म्हणून नामदेवांनी ती मागून घेतली, हा त्यामागील भाव. आयुष्यभर उंबरठे झाडलेल्या जनीला पायरी होण्यासाठी काही नवे करावे लागले नसावे.

तिचे स्वतःचे स्थान म्हणून यात्रेकरूंना दाखवतात ते पंढरपूरजवळील गोपाळपूर. आषाढी पौर्णिमेला तेथे गोपाळकाला होतो आणि दिंड्या त्यानंतरच परतीच्या वाटेला लागतात. जनाबाईचे म्हणून एक जाते तेथे आहे. बायका त्याला हात लावतात, खुंटा धरून एखादा फेरा फिरवतात. गंगाखेडला गोदावरीच्या काठी तिचे मंदिर आहे आणि तेथील महाविद्यालयालाही तिचे नाव आहे. शेगावची गजानन महाराजांची पालखी परभणीहून गंगाखेडमार्गे पंढरपूरला जाते, तेव्हा जनीच्या गावातून जनीच्याच वाटेने वारी पुढे सरकते. १९४९ मध्ये हंसा वाडकरांच्या भूमिकेने गाजलेला ‘संत जनाबाई’ हा चित्रपट आला. अरुण कोलटकरांनी तिच्या अभंगांचे इंग्रजी अनुवाद केले. सुझी थारू आणि के. ललिता यांनी १९९१ मध्ये संपादिलेल्या भारतीय लेखिकांच्या संकलनातही तिला स्थान मिळाले. सहीत स्वतःचे नाव एकटे न घालणाऱ्या स्त्रीचे नाव असे दूरवर पोचले आहे.

परंतु तिचे नाव सर्वाधिक वेळा जेथे घेतले गेले ती जागा छापील नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी महाराष्ट्राच्या गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या ओव्यांत जनी पुन्हा पुन्हा येते. तिला दळू लागणारा विठ्ठल येतो, रुसलेली रुक्मिणी येते, रानातल्या गोवऱ्या येतात. ओवी गाणाऱ्या बाईने बहुधा गाथा वाचलेली नव्हती. मान तिलाही कोणी दिलेला नव्हता. पहाटेच्या अंधारात, घरातील सारी झोपलेली असताना, जात्याच्या दुसऱ्या बाजूचा खुंटा कोणीतरी धरला आहे एवढे तिला हवे होते, आणि ते जनीकडून तिला मिळाले. पुढे गावात पिठाची गिरणी आली. हाताची घरघर थांबली, कष्ट कमी झाले ही चांगलीच गोष्ट झाली. ओव्या मात्र म्हाताऱ्या बायकांपाशीच राहिल्या. संग्राहकांनी गाण्याचा आग्रह केला की त्यांपैकी कित्येकींना आधी जात्यापाशी बसावे लागे. खुंटा हातात आल्याशिवाय शब्द आठवत नसत.